ग्रंथालय वाचन, आठवड्याला दोन तास

सोमवार, ६ फेब्रुवारी

शेवटी ते परिपत्रक आलंच. आमच्या वाचा-उपचार पदविकेच्या अभ्यासक्रमाच्या मागच्या फेररचनेला जूनमध्ये पाच वर्षं होतात. पाच वर्षांत फेररचना झाली नाही तर अभ्यासक्रम आपोआप रद्द, पुढचे प्रवेश बंद. फेररचना करायची तीही नव्या नमुन्यात, प्रत्येक तासासमोर उद्दिष्ट, पद्धत आणि मूल्यमापन लिहून. आधी अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, आणि सगळं ३१ मेच्या आत.

आता विभाग म्हणजे कोण, तर मी प्रभारी प्रमुख, एक अर्धवेळ शिक्षक जो अर्धा वेळसुद्धा येत नाही, आणि एक शिपाई ज्याला अजून विभागाचा मजला आठवत नाही. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. असू दे. मसुदा लिहिण्यात माझा हात धरणारं या विद्यापीठात कुणी नाही. हे मी नाही म्हणत, कुलसचिव म्हणाले होते.

संध्याकाळी जुना अभ्यासक्रम काढून बसले. तो बाईंनी केलेला. बाई म्हणजे माझ्या आधीच्या विभागप्रमुख, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. पान चारवर बघते तर ‘ग्रंथालय वाचन, आठवड्याला दोन तास’. मला हसूच आलं. आमच्या पोरी ग्रंथालयाची पायरी चढत नाहीत. ते दोन तास म्हणजे आमचा गुरुवार. चार ते सहा, खोली क्रमांक चौदा. मेंदूला झटका येऊन वाचा गेलेली माणसं येतात आणि आमच्या विद्यार्थिनी त्यांना पुन्हा बोलतं करतात. बारा वर्षं हे चाललंय. विभागातलं सगळ्यात मोलाचं काम, आणि कागदावर त्याचं नावसुद्धा नाही.

हे बदलायलाच हवं. मला तर लिहिल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असंच वाटत नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

ताईला घेऊन गेले. तिला झटका येऊन चौदा महिने झाले. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते; ताईनेच मला वाढवलं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं तिने, आणि जीभ अशी की मुख्याध्यापकसुद्धा तिच्या वर्गासमोरून चपला न वाजवता जायचे. आज तिच्याकडे एकतीस शब्द आहेत. मी यादी ठेवते. पहिल्या महिन्यात तीन होते.

आज बाजाराचा खेळ होता. ताई भाजीवाली, बाकीचे गिऱ्हाईक. वकीलसाहेब बटाटे घ्यायला आले. त्यांना झटक्यानंतर एकच शब्द उरलाय, ‘मान्य’. राग आला तरी मान्य, भूक लागली तरी मान्य. सूर बदलून बदलून ते त्या एका शब्दात सगळा संसार चालवतात. ड्रायव्हरकाकांची तऱ्हा वेगळी. बस चालवायचे, त्यांना सुटा शब्द येत नाही, पण थांबे ओळीने येतात. ‘पाणी’ म्हणायचं असलं की ते पार डेपोपासून निघतात. डेपो, दवाखाना, पोस्ट, शाळा, पाण्याची टाकी, आणि तिथे हात वर करून उतरतात. मग आम्ही पाणी देतो.

ताईसमोर चष्मेवाली बसली होती. आमच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, तोंडाने मुकी म्हणावी इतकी शांत. ताईला तराजू दाखवून तिने विचारलं, यावर काय करतात? ताई ‘व... व...’ करत राहिली. कपाळावर घाम आला तिच्या. मला बघवेना. मी मागून म्हटलं, ‘वजन.’ ताईने तराजू खाली ठेवला. चष्मेवालीने उठून ताईची खुर्ची अशी फिरवली की मी ताईला दिसेनाशी झाले. मला जरा रागच आला. मदतच केली ना मी?

बुधवार, १५ फेब्रुवारी

मसुदा घेऊन अभ्यासक्रम कक्षात गेले. तिथले कक्ष अधिकारी म्हणजे टाचणीकाका. कुठलाही कागद टाचणी लावून परत पाठवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. माझ्या मसुद्याला मात्र एकही टाचणी लावली नाही. नवीन ‘प्रात्यक्षिक ९ : रुग्णसंवाद’ वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, “मॅडम, ते ग्रंथालय वाचन होतं तसंच राहू द्या ना. स्वयंअध्ययनाचे दोन तास नव्या नमुन्यातही चालतात. त्या ओळीवर कधी कुणी काही विचारलेलं नाही.”

मी म्हटलं, म्हणूनच बदलतेय. बारा वर्षांचं काम असं चोरून का करायचं? ते म्हणाले, बरं, आणि शिक्का मारला. कामचुकारपणा अंगात मुरला की माणसाला प्रत्येक सुधारणा म्हणजे डोक्याला ताप वाटतो.

शनिवार, १८ फेब्रुवारी

बाईंना फोन केला. वाटलं होतं खूश होतील. तर म्हणाल्या, “लिहू नकोस.” मी विचारलं, का? तर म्हणे, लिहिलंस की त्याला खोली लागेल, जबाबदार माणूस लागेल, गुण लागतील. आत्ता त्याला काही लागत नाही.

ठेवून दिला फोन. खरं सांगू का, मला वाटलं बाईंना जरा झोंबलं असावं. गुरुवार त्यांनी सुरू केला, पण अभ्यासक्रमात येणार तो माझ्या हातून. माणूस आहे, वाटणारच. आणि मलाही वाटतंय, प्रात्यक्षिक ९ खाली माझं नाव यावं. त्यात चूक काय?

गुरुवार, ९ मार्च

अभ्यास मंडळाची बैठक. नऊ सदस्य, एक पंखा. अध्यक्षांनी प्रात्यक्षिक ९ मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, असा मसुदा मी वर्षानुवर्षं पाहिला नाही. मी तरंगतच होते.

मग प्रश्न सुरू झाले. रुग्ण कुठल्या रुग्णालयाचे? कुठल्याच नाहीत, घरून येतात. मग करार कुणाशी? संमतिपत्रं आहेत का? रुग्ण पायऱ्यांवर पडला तर जबाबदार कोण? किती विद्यार्थिनींमागे एक पर्यवेक्षक? आणि एका सदस्याने विचारलं, रुग्ण बोलला नाही तर विद्यार्थिनीला गुण किती द्यायचे? सगळ्यांची उत्तरं मी दिली, पटापट, मुद्देसूद. उत्तर दिलं की त्यातून आणखी दोन प्रश्न निघायचे. शेवटी उपसमिती नेमली. अध्यक्ष म्हणाले, आपण हे अगदी नीट करू.

नीट होणार हे ऐकून बरं वाटलं. चारला धावतपळत खोली चौदात पोचले. ताईने आज ‘किल्ली’ म्हटलं. बत्तीस.

गुरुवार, ३० मार्च

उपसमितीचा अहवाल आला आणि मंडळाने तो पाच मिनिटांत स्वीकारला. तसाच्या तसा उतरवते:

‘प्रात्यक्षिक ९ हे स्तुत्य असले तरी आवश्यक तरतुदींअभावी वगळण्यात येत आहे. त्याचे तास संगणकीय ध्वनिविश्लेषणास देण्यात यावेत. तरतुदी होईपर्यंत विभागाच्या जागेत बाहेरील रुग्णांचा सहभाग असलेला कोणताही उपक्रम घेऊ नये.’

मी उभी राहिले. म्हटलं, ठीक आहे, मग जुनी ओळच राहू द्या, ग्रंथालय वाचन. सदस्य सचिवांनी माझाच मसुदा माझ्यापुढे सरकवला. त्यात मीच लिहिलं होतं, ‘ग्रंथालय वाचनाचे तास प्रत्यक्षात वापरले जात नाहीत, सबब रद्द करावेत.’ माझी सही. ठळक, वळणदार.

आता आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणजे आणखी काय करायचं असतं?

शुक्रवार, ३१ मार्च

नियमावली आडवीतिडवी वाचून काढली. नियम अकरा: मंडळाने वगळलेला घटक त्याच पाच वर्षांच्या आवर्तनात पुन्हा मांडता येणार नाही. पाच वर्षं. ताई एकसष्टची आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जे काही परत यायचं ते पहिल्या दोन-अडीच वर्षांत येतं, आणि रोज हलवत ठेवलं तरच टिकतं.

टाचणीकाकांकडे गेले. काही मार्ग आहे का, विचारलं. त्यांनी मान हलवली. ‘मी म्हटलं होतं ना’ असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी चहा मागवला.

गुरुवार, ६ एप्रिल

आज सगळ्यांना सांगितलं. खोली चौदाच्या दारातच, कारण शिपायाने कुलूप लावलं होतं. आज बरोबर मजला आठवला त्याला.

ड्रायव्हरकाकांच्या मुलाने चाकाची खुर्ची तशीच वळवली आणि लिफ्टकडे गेला. काका मागे बघत डेपो, दवाखाना, पोस्ट करत होते. कुठल्या थांब्याला उतरायचं होतं त्यांना, कळलंच नाही, दार बंद झालं. वकीलसाहेब माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, “मान्य. मान्य. मान्य.” मान जोरजोरात नाही नाही हलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांच्या बायकोने त्यांचा हात सोडवला.

ताई भिंतीला टेकून सगळं बघत होती. तिला सगळं समजतं, हे लोकांना कळत नाही. बोलता येत नाही तेवढंच. रिक्षात तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवार, १३ एप्रिल

गुरुवार घरी घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ड्रायव्हरकाका येणं शक्यच नव्हतं. वकीलसाहेब आले, पण दोन मजले चढून बसकण मारली आणि तिथूनच परत गेले. आणखी दोघं आली. विद्यार्थिनी नाहीत, कारण मंडळाच्या सूचनेवरून आत्तापासूनच त्या वेळेला त्यांना ध्वनिविश्लेषणाचा तास आहे. तोही मीच वेळापत्रकात घातलाय.

तेव्हा मीच घेतलं. चित्रं दाखवली. माणूस ‘प...’ म्हणाला की माझ्या तोंडून ‘पंखा’ निघून जायचा. किती आवरलं, तरी जायचाच. अर्ध्या तासात तिघंही गप्प झाले आणि मी एकटी बडबडत होते. लाज वाटली.

गुरुवार, २० एप्रिल

यादी तपासली. बत्तीस होते, आज एकोणीस. ‘किल्ली’ गेली. ‘उद्या’ गेलं. ‘अगं’ आहे. मी रोज एक तास तिला घेऊन बसते. ती आधी प्रयत्न करते, मग माझ्या तोंडाकडे बघते, मग खिडकीबाहेर. मी ओरडले तिच्यावर. माझ्या ताईवर. तिने हातातली चित्रं नीट जुळवून, कडा ठोकून, माझ्यापुढे ठेवली आणि आत निघून गेली. शाळेत वर्ग सोडताना ती वह्या अशाच ठेवायची.

मंगळवार, २ मे

शेवटचा उपाय होता, तोही करून झाला. आज मंडळात मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम होणार होतं. वाटलं, तिथे हरकत घेऊ, ‘कोणताही उपक्रम घेऊ नये’ एवढं वाक्य तरी खोडून घेऊ. पाच पानांचं निवेदन लिहिलं. काय लिहिलं होतं! अध्यक्ष खरोखर कनवाळू माणूस आहे, त्यांनी पाचही पानं ऐकून घेतली. मग म्हणाले, “इतिवृत्तात फक्त नोंद चुकली असेल तर दुरुस्ती होते. नोंद चुकलेली नाही ना?”

नव्हती चुकलेली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

बाहेर येऊन जिन्यात बसले. पन्नाशीची बाई, विभागप्रमुख, जिन्यात बसून रडतेय, आणि पोरंपोरी बाजूने अंग चोरून जातायत. आयुष्यभर मी कागदावर भरवसा ठेवला आणि त्या कागदाने अगदी मी सांगितलं तसंच केलं.

शुक्रवार, १२ मे

ड्रायव्हरकाका गेले. दुसरा झटका. मुलगा सांगत होता, गुरुवार बंद झाल्यापासून चार वाजले की शर्ट घालून बसायचे. मग तेही सोडलं. मग थांबेही सोडले. मी विचारलं, शेवटी काही बोलले का? तो म्हणाला, डेपो म्हणाले, पुढे गेले नाहीत.

झटका काय, यायचा तेव्हा येतो. सगळे मला हेच सांगतायत. मीही मान डोलावते.

मंगळवार, १६ मे

चष्मेवाली घरी आली. परीक्षा संपली, गावी चालली होती. एक वही माझ्या हातात दिली. गुरुवारची तिची वही, ताईच्या नावाची. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘ताईंनी स्वतः निवडलेले शब्द’, आणि खाली चित्रांवर आणि अक्षरांवर बोट ठेवून ताईने निवडलेली यादी. चहा, शाळा, चष्मा असं काहीबाही असेल असं मला वाटलं. पहिलाच शब्द होता ‘चिमे’.

मला या जगात एकच माणूस चिमे म्हणतं. म्हणत होतं.

पानापानावर तारखा होत्या. ९ फेब्रुवारी: तराजूनंतर आज प्रयत्न नाही. २३ फेब्रुवारी: ‘चि’ स्पष्ट. ९ मार्च: ‘चि’ तीनदा. २३ मार्च: ‘चिम’, मग हसल्या. ३० मार्च: दोनदा जवळजवळ पूर्ण, पुढच्या गुरुवारी मॅडमना दाखवायचं ठरलं, ताईंनी तोंडावर बोट ठेवून सांगितलं, गुपित.

पुढचा गुरुवार म्हणजे ६ एप्रिल. कुलपाचा.

मी मुलीला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तुम्ही तो शब्द त्यांच्या आधी म्हणून टाकला असता, मॅडम.”

शनिवार, २० मे

बाईंकडे गेले. पाय धरायचे होते, पण त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्यांनी झारीच हातात दिली. सगळं सांगितलं. वही दाखवली. ड्रायव्हरकाकांचं ऐकून त्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मग म्हणाल्या, विभागाच्या जागेत उपक्रम घेऊ नये, असं लिहिलंय ना? ग्रंथालय तुझ्या विभागात येत नाही. तळमजल्यावरचं वर्तमानपत्रांचं दालन कुणालाही खुलं आहे, ओळखपत्र लागत नाही, पायरी नाही, आणि तिथे म्हातारे दिवसभर बातम्यांवरून भांडतात, त्यामुळे बोललेलंही चालतं. ग्रंथपालाची आई दोन वर्षं गुरुवारी येत होती, तो ओळखेल. पोरी सुट्टीत मोकळ्या आहेत. जून लागला की ध्वनिविश्लेषणाचा तास सकाळी घे, वेळापत्रक तूच करतेस.

मी म्हटलं, थांबा, लिहून घेते. पर्स उघडून पेन शोधायला लागले आणि मान वर केली तर बाई माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. मी पर्स बंद केली.

निघताना म्हणाल्या, “आणि तुझी ती डायरी. तिथेही नको.”

गुरुवार, २५ मे

विद्या परिषदेने आमचा अभ्यासक्रम एकमताने मंजूर केला. प्रवेश चालू राहणार. आदर्श मसुदा म्हणून तो इतर विभागांना पाठवणार आहेत. कुलसचिवांनी फोन करून अभिनंदन केलं. मी आभारी आहे म्हटलं आणि ताईच्या केसांना तेल लावायला बसले. आज यादीत अकरा. यादी फाडली.

टाचणीकाका संध्याकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, माझी बहीण आहे, दोन वर्षं झाली, काही बोलत नाही. गुरुवारी मोकळी असते. मी म्हटलं, पेपर वाचतात का त्या? ते म्हणाले, वाचेल.

गुरुवार, १ जून

ग्रंथालय वाचन, दोन तास.

वकीलसाहेबांनी पेपर घेतला. सहमत नव्हते, म्हणाले मान्य. एक खुर्ची आम्ही रिकामी ठेवली. चष्मेवाली गावाहून परत आलीय, ताईसमोर ती बसली होती, आणि मला तिने पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून बसवलं. मी दोन तास तोंडासमोर पेपर धरून बसले. एक ओळ वाचली नाही. एक शब्द बोलले नाही. मागून ताईचा आवाज येत होता, अडकत होता, पुन्हा निघत होता. मी जीभ दातांत धरून ठेवली होती.

सहाला पाच मिनिटं कमी असताना माझ्या खांद्यावर मागून हात पडला.

पुढचं लिहीत नाही.